ओपन सोर्स: कोड खुला केला, पुढं काय?

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटे साडेपाचला दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग लागते. सचिव आबा एकेकाचं दूध काट्यावर घेतात, थोडा नमुना फॅटच्या मशीनला लावतात, पडद्यावर आकडे येतात आणि पावती बाहेर पडते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. म्हशीचा दर वेगळा, गाईचा वेगळा. दहा दिवसांनी या पावत्यांचं बिल होतं. पेंडीची उधारी, पोरांची फी, सोसायटीचा हप्ता असं घरचं सगळं गणित त्या बिलावर चालतं.

पाच वर्षांपूर्वी दरपत्रक बदललं आणि संस्थेतलं सॉफ्टवेअर जुन्याच दरानं पावत्या देत राहिलं. ज्यानं ते बसवून दिलं होतं त्यानं धंदा बंद केला होता, त्याचा फोन लागत नव्हता. प्रोग्रामच्या पोटात दर कुठं लिहिलाय ते उघडून बघायची सोय नव्हती, कारण आमच्या हातात होती ती नुसती चालणारी फाइल. आबांनी अकरा दिवस हातानं बिलं केली. रात्री उशिरापर्यंत ते कॅल्क्युलेटर घेऊन बसायचे आणि मी शेजारी बसून वहीतले आकडे वाचून दाखवायची. त्या बैठकीतच मी ठरवलं, हा प्रोग्राम आपण नव्यानं लिहायचा. आणि असा लिहायचा, की उद्या कुणाचाही फोन बंद झाला तरी संस्थेचं काम अडता कामा नये.

तो प्रोग्राम आज ओपन सोर्स आहे, जिल्ह्याबाहेरच्याही काही संस्था तो वापरतात. कोड लिहायला मला दोन महिने लागले. त्याच्याभोवती माणसं जमायला आणि टिकायला तीन वर्षं गेली. हा लेख मुख्यतः त्या तीन वर्षांत जे समजलं त्याबद्दल आहे, पण आधी ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय ते बघू.

पॅटर्न आणि कास्टिंग

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत गेलात तर अर्धी गोष्ट तिथंच कळते. लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा पॅटर्न वाळूत दाबतात, काढून घेतात, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. निवलं की कास्टिंग तयार. गिऱ्हाइकाच्या हातात कास्टिंग येतं. ते त्याला वापरता येतं, पण त्यातलं एक भोक दोन मिलिमीटर सरकवून नव्यानं ओतायचं म्हटलं की पॅटर्नच लागतो. शिवाय धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळात थोडा मोठा धरलेला असतो. कुठं किती वाढ दिली, कुठं उतार ठेवला, हे सगळं शहाणपण पॅटर्नमध्ये असतं. तयार कास्टिंगकडं नुसतं बघून ते उमगत नाही.

सोर्स कोड हा प्रोग्रामचा पॅटर्न, माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला. त्यापासून संगणकाला चालवता येईल अशी फाइल तयार होते, ते कास्टिंग. आमच्या संस्थेकडं कास्टिंग राहिलं आणि पॅटर्न विक्रेत्याबरोबर गेला. ओपन सोर्समध्ये पॅटर्नही मिळतो, आणि तो वापरायची, बदलायची, बदललेला पुढं वाटायची रीतसर मुभाही मिळते. लाकडी पॅटर्न एका वेळी एकाच फौंड्रीत असू शकतो. कोडची प्रत मात्र कितीही काढा, दिल्यानं आपल्याकडचा कमी होत नाही.

ही कल्पना आमच्यासारख्याच अडचणीतून जन्मली. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करायचे. तिथल्या जुन्या प्रिंटरचा कोड त्यांच्याकडं होता, त्यामुळं कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय त्यांनी त्यात केली होती. नवा लेझर प्रिंटर आला तेव्हा त्याचा कोड मागूनही मिळाला नाही. पुढं १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला: ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे अशी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, करायची. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय असं जगाला कळवलं. ती लिनक्स. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी तीच आहे. ‘ओपन सोर्स’ हे नाव मात्र त्यानंतरचं, १९९८ चं.

विहीर दिसते म्हणून पोहरा टाकता येत नाही

मी पहिल्यांदा कोड गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर टाकला तेव्हा माझी समजूत होती की झालं, आता तो सगळ्यांचा. दोन आठवड्यांनी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सरांनी विचारलं, “मॅडम, परवाना कुठाय?” परवाना म्हणजे लायसन्स. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि लिहिल्या क्षणापासून त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. कोड उघड्यावर ठेवला तरी परवाना जोडला नसेल तर तो दुसऱ्यानं वापरणं बेकायदेशीर ठरू शकतं. रस्त्याकडेला विहीर दिसते म्हणून कुणी पोहरा टाकत नाही, मालकाचा शब्द लागतो. परवाना हा तो शब्द, लेखी दिलेला.

परवाने बरेच आहेत, पण त्यांची घराणी मुख्यतः दोन. एमआयटी आणि अपाची या नावांचे परवाने मोकळ्या घराण्यातले: काय वाट्टेल ते करा, अगदी बंद करून विका, फक्त मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर काढू नका. जीपीएल हे दुसरं घराणं, आणि ते आपल्याला विरजणावरून चटकन कळतं. शेजारून चमचाभर विरजण आणून तुम्ही दही लावलंत. आता ते दही ज्याला द्याल त्याला त्यातलं विरजणही दिलं पाहिजे, आणि त्यानंही पुढं तेच करायचं. दही विकायला अजिबात बंदी नाही, बंदी आहे ती साखळी तोडायला. आम्ही जीपीएल घेतला. उद्या कुणी आमचाच प्रोग्राम कुलूपबंद करून त्याच संस्थांना विकला असता, तर अकरा रात्रींचा तो त्रास फिरून दारात आला असता.

मूळ लेखकाचं नाव राखायची अट पुष्कळांना किरकोळ वाटते. कोल्हापूरच्या माणसाला ती तशी वाटू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये मिलानच्या एका शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं त्याच घडणीची चप्पल कोल्हापूरचा उल्लेखही न करता दाखवली. इथून ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. घडण जगभर जावी, तिच्यावर नवं काही व्हावं, यात दुःख नाही. दुःख नाव पुसल्याचं होतं.

दारात आलेल्या माणसाला काय दिसतं

परवाना जोडला, आणि सहा महिने कुणी फिरकलं नाही.

कारण नंतर समजलं. प्रकल्पाच्या दारावरची पाटी म्हणजे रीडमी नावाची फाइल. माझ्या रीडमीत चार ओळी होत्या, त्याही इंग्रजीत. ज्या सचिवांसाठी हे सगळं केलं त्यांना त्या ओळींतून काही बोध होणं शक्य नव्हतं. मग मी ती मराठीत नव्यानं लिहिली. हा प्रोग्राम काय करतो, कुणासाठी आहे, छापलेली पावती कशी दिसते त्याचा फोटो, कसा बसवायचा, आणि काय करत नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. ‘आमचा प्रोग्राम संस्थेचा ताळेबंद करत नाही’ हे आधीच सांगितलं की माणूस दोन दिवस खपून निराश होत नाही.

लिहिलेलं बरोबर आहे का, हे तपासायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. डिप्लोमाला असलेल्या मामेभावाला बोलावलं, त्याच्यापुढं कोरा लॅपटॉप ठेवला, रीडमी उघडून दिली आणि मी मागं गप्प बसले. तिसऱ्या पायरीला तो अडकला. फॅट मशीनची केबल जोडल्यावर संगणकात पोर्टचा क्रमांक निवडावा लागतो. मी ते रोज करत होते म्हणून लिहायचंच राहिलं होतं. तो इकडं तिकडं क्लिक करत राहिला आणि मी हाताची घडी घालून बसले. सांगायला तोंड उघडणार होते, पण अनोळखी गावातल्या सचिवाच्या मागं मी बसलेली असणार नाही. त्या दिवशी अशा सहा जागा सापडल्या. नीट लिहायला पाऊण दिवस गेला. कोडमध्ये घातलेल्या कुठल्याही दिवसापेक्षा तो जास्त कामी आला.

त्यानंतर महिन्याभरात पहिला परका माणूस आला. सांगली जिल्ह्यातल्या एका सचिवांचा मुलगा. त्यानं तक्रार नोंदवली. अशा नोंदीला इश्यू म्हणतात. मजकूर एवढाच: ‘एसएनएफ चुकतोय.’ आमच्याकडं हजारो पावत्या बरोबर निघत होत्या, त्यामुळं त्याचंच काही चुकत असणार असं मनात आलं. तसं न लिहिता मी त्याच्याकडं तीन नमुन्यांचे आकडे मागितले. त्यानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो, तापमानानुसार दुरुस्त केलेल्या त्या आकड्याला सीएलआर म्हणतात. सीएलआरला ४ नं भागायचं, त्यात फॅटचा पाचवा हिस्सा मिळवायचा आणि शेवटी एक ठरलेला आकडा मिळवायचा. हा शेवटचा आकडा सगळीकडं सारखा नसतो. मी ०.३६ धरून तो थेट कोडमध्ये लिहून टाकला होता. त्यांच्याकडं ०.१४ धरत. समजा फॅट ६.५ आहे आणि सीएलआर ३०. माझ्या हिशेबानं ७.५ अधिक १.३ अधिक ०.३६, म्हणजे ९.१६. त्यांच्या हिशेबानं ८.९४. म्हशीच्या दुधाला नऊच्या खाली गेलं की दर कापला जातो. म्हणजे माझा प्रोग्राम उत्पादकाला पूर्ण दर लावून त्यांच्या संस्थेला रोज सकाळ-संध्याकाळ तोट्यात घालत होता.

मी त्याला लिहिलं, तुमचं बरोबर आहे, आणि तो आकडा कोडमध्ये कोणत्या ओळीवर आहे तेही दाखवलं. चार दिवसांनी त्यानं स्वतः दुरुस्ती करून पाठवली: आकडा आता सेटिंगमधून घेतला जाईल, ज्यानं त्यानं आपापला भरावा. अशा पाठवलेल्या बदलाला पुल रिक्वेस्ट म्हणतात, म्हणजे ‘माझ्याकडचा हा बदल ओढून घ्या’ अशी विनंती. प्रकल्प सांभाळणारा, ज्याला मेंटेनर म्हणतात, तो बदल ओळ न् ओळ वाचतो, शंका विचारतो, सुधारणा सुचवतो. हा झाला रिव्ह्यू. पटलं की बदल मूळ कोडमध्ये मिसळतो, ते मर्ज. कोणी कधी काय बदललं याची कायमची नोंद गिट ठेवतं. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं.

त्याच्या पहिल्या बदलावर मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. माझं स्पष्ट मत आहे की नव्या माणसाला पहिलं उत्तर किती लवकर मिळतं यावर तो परत येणार की नाही हे जवळजवळ ठरतं. बदल स्वीकारला नाही तरी चालतं, पण तीन आठवडे कुणी ‘पाहिलं’ असंही म्हटलं नाही तर माणूस निघून जातो, आणि गेलेला पुन्हा दार वाजवत नाही.

पैरा

आबांनी एकदा विचारलं होतं, “अगं, पण ही परकी पोरं तुझ्यासाठी फुकट का राबत्यात?” आपल्याकडं इर्जिक असायची. एकाच्या रानात गावाचे बैल जुंपायचे आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. ओपन सोर्स म्हणजे अशीच कायमची इर्जिक असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. ते पैऱ्यासारखं आहे: आज तुमच्या रानात भांगलण, उद्या माझ्या. सांगलीचा मुलगा आला तो स्वतःच्या संस्थेचा तोटा थांबवायला. त्याच्या दुरुस्तीनं आमचा प्रोग्राम सुधारला, आणि आमच्या पुढच्या कामाचा फायदा त्याला होतो. माणूस आपली गरज घेऊन येतो. ती गरज भागली, वर मान मिळाला, तर तो दुसऱ्याच्याही गरजेला हात लावतो.

हे विसरून नुसती डोकी मोजायला लागलं की काय होतं त्याचं उदाहरण २०२० चं आहे. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरमध्ये होतो, चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. त्या वर्षी टी-शर्टसाठी हजारोंनी नुसते एखाद-दुसरा शब्द घुसवलेले बदल पाठवले, आणि जगभरचे मेंटेनर तो कचरा उपसत बसले. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून भाग घेतील तेवढेच मोजायचे. इथल्या महाविद्यालयातल्या मुलामुलींना म्हणूनच सांगते, बायोडेटासाठी आलात तरी चालेल, पण आधी प्रोग्राम बसवून वापरा. वापरताना जे खुपेल तेच तुमचं पहिलं काम.

आणि काम म्हणजे फक्त कोड नव्हे. आबांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही, पण ‘कस्टमर’ काढून ‘उत्पादक’ घाला, पावतीवर रक्कम सगळ्यात मोठी छापा, म्हाताऱ्या माणसाला चष्मा न लावता दिसली पाहिजे, हे त्यांनी सांगितलं. पावतीवरचा मुक्ता हा फॉन्टही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेनं केलेला, खुल्या परवान्याचा. भाषांतर करणारा, फोनवर बसवून देणारा, चुका शोधणारा, हे सगळे प्रकल्पाचेच लोक. त्यांची नावं आम्ही कोड लिहिणाऱ्यांच्याच यादीत, त्याच अक्षरात लिहितो.

एका वर्षी १४ विद्यार्थी आले. मी त्यांच्यासाठी छोटी कामं बाजूला काढून ठेवली होती, ‘नवख्यांसाठी’ असं लेबल लावून. त्यातलं प्रत्येक काम मला दहा मिनिटांचं होतं आणि न करता ठेवणं जड जात होतं. गंगावेस तालमीत कधी पहाटे गेलात तर वस्ताद काय करतात ते बघा. ते हौदाच्या कडेला उभे असतात. पोराची पकड सुटताना त्यांना दिसते, डाव त्यांना पाठ आहे, पण ते आत उतरून पोराची कुस्ती स्वतः मारत नाहीत. ते काम पोराचंच. १४ पैकी १३ जण महिनाभरात गेले. एक मुलगी राहिली, गडहिंग्लजची. तिनं आधी बिलाच्या तारखेची एक चूक काढली, मग दुसऱ्यांचे बदल वाचून शंका विचारायला लागली. दुसऱ्याच्या कामावर मायेनं आणि बारकाईनं शंका विचारणारा माणूस दिसला, की पुढचा मेंटेनर तोच, हे मी तिच्याकडं बघून शिकले.

दावणीला बांधलेलं जनावर

नाही म्हणणं हे मेंटेनरचं सगळ्यात अवघड काम. एकानं पशुखाद्याच्या गोदामाचा अख्खा हिशेब लिहून पाठवला, दोन हजार ओळी. मेहनत खरी होती, कोड चांगला होता. मी नाही म्हटलं. आलेला कोड हे दावणीला बांधलेलं जनावर आहे. आणणारा आणून बांधतो, रोजचं वैरणपाणी मागं राहणाऱ्याला बघावं लागतं. त्याला मी सविस्तर कारण लिहिलं आणि हेच काम जोडणी म्हणून वेगळं कसं ठेवता येईल ते सुचवलं. त्यानं तसं केलं, आज ते तोच सांभाळतो.

शेवटचा शब्द कुणाचा, हेही आधी लिहून ठेवलेलं बरं. लिनक्समध्ये तो टोरवाल्ड्स यांचा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तो तिचे जनक गिदो व्हान रोसम यांचा होता. जुलै २०१८ मध्ये ते त्या जबाबदारीतून बाजूला झाले आणि २०१९ पासून निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ निर्णय घेतं. वागण्याचे नियमही लेखी हवेत. आमच्याकडं एकानं एका मुलाच्या इंग्रजीची चेष्टा केली, त्या दिवशी मी दोन ओळी लिहिल्या: इथं मराठीत लिहिलं तरी चालतं, आणि भाषेवरून कुणाला हिणवलं तर त्याचं काम कितीही चांगलं असो, त्याला जागा नाही. मतभेद अगदीच मिटले नाहीत तर कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडता येते, त्याला फोर्क म्हणतात. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस असंच निघालं आणि मूळ घरापेक्षा जोमानं वाढलं.

एकट्याच्या खांद्यावर

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते तिच्याकडं येते. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची चूक उघड झाली. ती ओपनएसएसएलमध्ये होती. वेबसाइटशी होणारा व्यवहार गुप्त ठेवणारा हा कोड, बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत सगळीकडं वापरात. आणि तो सांभाळणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, वर्षाला देणग्या जेमतेम २,००० डॉलरच्या. सगळं जग ज्या धरणाचं पाणी पीत होतं त्याच्या भिंतीवर दोन-चार माणसं उभी होती.

त्याहून बोलकी गोष्ट २०२४ ची. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याचा मेंटेनर एकटा, विनामोबदला काम करणारा, थकलेला. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावानं कुणीतरी चांगले बदल पाठवायला लागलं. मग इतर काही नावांनी तगादा सुरू झाला: कामं रखडलीत, दुसऱ्या कुणाला हक्क द्या. ही नावंही त्याच कटातली असावीत असं आज मानलं जातं. दमलेल्या माणसानं मदतीला आलेल्या हातावर विश्वास टाकला. दोन वर्षांहून अधिक काळ त्या नावानं इमानानं काम केलं, आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला. तो जगभरच्या सर्व्हरांत पोचला असता. मार्चच्या अखेरीला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला जाणवलं की दूरच्या संगणकावर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. ते त्याच्या मागं लागले आणि २९ मार्चला सगळं बाहेर आलं. जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

हे वाचून अनोळखी माणसाला दारात उभं करू नये असं वाटेल. मी उलट वाचते. त्या मेंटेनरजवळ आधीपासून दोन विश्वासू माणसं असती, तर तगाद्याचा जोर त्याच्या एकट्यावर पडला नसता. आणखी एक बारकावा आहे. चोरदरवाजा जागा करणारा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, तो वाटपासाठी बांधलेल्या पाकिटात घातला होता. म्हणून आमच्याकडं आता दोन नियम आहेत. एका माणसाचा बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय मिसळायचा नाही, माझाही नाही. आणि पाकीट कुणाच्या लॅपटॉपवर बांधायचं नाही, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी उघड्या कोडमधून ते आपोआप बांधलं जातं.

पैशाबद्दल थोडक्यात. कोड फुकट असला तरी बसवणं, शिकवणं, दुरुस्ती यांचे पैसे घेता येतात. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर अशाच सेवेवर मोठं झालं. शेअर दलालीतल्या झेरोधा कंपनीनं २०२४ मध्ये जगभरच्या खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. आमच्याकडं संस्था गावातल्याच एखाद्या पोराला वर्षाकाठी देखभालीचे पैसे देतात. मला ते आवडतं, कारण पैसा आणि जाणकारी दोन्ही गावात राहतात.

गडहिंग्लजच्या मुलीला मी २०२४ च्या जानेवारीत सगळे हक्क दिले. आवृत्ती कशी काढायची ते पायरीपायरीनं लिहून काढलं, पासवर्ड कुठं आहेत, कुणाला कळवायचं, चुकलं तर मागं कसं यायचं. एक्सझेडची बातमी आली तेव्हा क्षणभर पोटात गोळा आला, पण हक्क काढून घेतले नाहीत. त्याच पावसाळ्यात, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली. आमच्या गावाला पाण्यानं वेढा घातला, वीज गेली, फोन गेला. तीन दिवस मी जगाच्या बाहेर होते. चौथ्या दिवशी शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन लावला.

मधल्या काळात एका दूध संघानं दरपत्रक बदललं होतं आणि नव्या तक्त्यातले रकाने आमच्या प्रोग्रामला वाचता येत नव्हते. तिनं दुरुस्ती लिहिली होती, सांगलीच्या मुलानं ती वाचून दोन चुका काढल्या होत्या, आणि नवी आवृत्ती आदल्या रात्रीच बाहेर पडली होती, खाली मराठीत नीट टिपण लिहून. दरपत्रक बदलायचं एक नवं बटणही तिनं घातलं होतं, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात. मी ते वर ठेवलं असतं.

पाणी ओसरून संस्था सुरू झाल्यावर मी आबांना विचारलं, बटण वर घेऊ का. त्यांनी किटलीखालचा हात पुसला, पडद्यावर अंगठा टेकवून बघितला आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे तिथंच. अंगठा पोचतोय बरोबर.”